पहिला वार न करण्याचं मोल

१९९८ हे साल कुपवाडकरांना दोन कारणांनी लक्षात राहावं. त्या वर्षी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली, आणि ११ व १३ मे रोजी पोखरणच्या वाळवंटात पाच अणुचाचण्या झाल्या. आमच्या एमआयडीसीतल्या शेडच्या दारात तेव्हा पेढे वाटले गेले. मीही आनंदानं खाल्ले. पुढच्या खर्चाचा विचार त्या दिवशी कोणाच्याच मनात नव्हता.

फाउंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाला तो खरं तर सुचायला हवा होता. नवी भट्टी बसते तेव्हा नारळ फुटतो, फोटो निघतो. मग ठरावीक हीट, म्हणजे धातू वितळवण्याच्या फेऱ्या, झाल्या की आतलं लायनिंग झिजतं. ते फोडून नवं भरावं लागतं, आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. अण्वस्त्रांचंही तसंच आहे. ट्रिटियम नावाचा जो वायू काही अण्वस्त्रांत वापरतात, तो सव्वाबारा वर्षांत निम्मा उरतो. अमेरिकेनं १९९२ नंतर एकही चाचणी केलेली नाही, तरी साठा शाबूत आहे ना एवढं तपासत राहण्यावर ती अब्जावधी डॉलर घालते.

भारताच्या बाबतीत खर्चाचं मूळ एका वचनात आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये अणुधोरणाचा मसुदा आला आणि ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं धोरण जाहीर केलं. अण्वस्त्र आपण आधी वापरणार नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. मला हे वचन मनापासून पटतं. पण पहिला वार करायचा नाही म्हणजे पहिला वार सोसायचा, आणि तो सोसूनही उत्तर देण्याइतकी शस्त्रं शिल्लक ठेवायची. ही शिल्लक राहण्याची क्षमता फार महाग पडते. जमिनीवरचा तळ उपग्रहाला दिसतो, विमानतळावर बॉम्ब पडू शकतात. म्हणून शस्त्र अणुपाणबुडीतून समुद्राखाली न्यायचं ठरलं.

त्या पाणबुडीची तयारी पोखरणच्या कितीतरी आधीपासून चालू होती. १९८८ ते १९९१ सोव्हिएत संघाकडून भाड्यानं आणलेल्या ‘चक्र’ या अणुपाणबुडीवर आपले नौसैनिक शिकले. अणुभट्टीचं काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या माणसांनी केलं आणि तिचा नमुना कल्पाक्कमला चालवून पाहिला. १९७४ आणि १९९८ या दोन्ही वेळच्या चाचण्यांत सहभागी असलेले अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. गिअरबॉक्स वालचंदनगरचा, इंदापूर तालुक्यातला. ज्यांचं नाव आमच्या सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजला आहे, त्याच वालचंद हिराचंदांचं ते गाव. ही बातमी वाचली तेव्हा ऊर भरून आला होता, आजही येतो.

२६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला तेव्हाच्या पंतप्रधानांच्या पत्नी गुरशरण कौर यांच्या हस्ते नारळ फुटला आणि पाणबुडीचं नाव ठेवलं गेलं ‘अरिहंत’. आमच्या भागात हा शब्द घराघरातला. इथल्या जैन कुटुंबांत तो रोज उच्चारला जातो, दुकानांच्या पाट्यांवर असतो. तिथे त्याचा अर्थ आतले शत्रू, म्हणजे राग आणि मोह, जिंकलेला. सहा हजार टनांच्या युद्धनौकेवर तो शब्द वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

१० ऑगस्ट २०१३ रोजी तिची अणुभट्टी सुरू झाली. २०१६ मध्ये ती गाजावाजा न होता नौदलात गेली. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांनी तिची पहिली गस्त पूर्ण झाल्याचं सांगितलं. २९ ऑगस्ट २०२४ रोजी दुसरी, ‘अरिघात’, दाखल झाली.

या सगळ्याला किती पैसे लागले? २०२४-२५ चा संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख २१ हजार कोटींचा होता. त्यात अण्वस्त्रांचा आकडा वेगळा काढलेला नाही. आपल्या साठ्याचा अंदाज स्टॉकहोमची ‘सिप्री’ ही शांतता संशोधन संस्था देते, २०२४ च्या सुरुवातीला १७२ अण्वस्त्रं. खर्चाचा अंदाज अण्वस्त्रबंदीसाठी झटणारी आयकॅन देते, २०२३ साठी सुमारे २.७ अब्ज डॉलर. आपल्याच पैशांचा हिशेब आपण परक्यांच्या अंदाजावरून वाचतो, हे मला खुपतं.

गुप्ततेची गरज मला कळते. कोणती पाणबुडी कुठे आहे, हे कोणी विचारू नये. पण एकूण रकमेनं शत्रूला ठिकाण कळत नाही. ब्रिटननं आपल्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या सुधारणेचा ‘शेव्हलीन’ प्रकल्प वर्षानुवर्षं संसदेपासून लपवला. जानेवारी १९८० मध्ये तो उघड झाला तेव्हा खर्च शंभर कोटी पौंडांवर गेला होता. महापालिकेच्या अंदाजपत्रकात गटारीच्या दुरुस्तीलाही स्वतंत्र ओळ असते. अण्वस्त्रांच्या देखभालीला निदान एका आकड्याची ओळ मिळावी, एवढंच माझं मागणं आहे.

‘अरिहंत’ला नौदलात येऊन आता बरीच वर्षं झाली. कधीतरी तिच्या भट्टीतलं इंधन बदलावं लागेल. ती निवृत्त झाली की ती भट्टी वर्षानुवर्षं कुठेतरी जपून ठेवावी लागेल, आणि तो पैसा आज शाळेत जाणारी कुपवाडची मुलं भरतील.