मधुबन जलाशयातील प्लवकांचे गणित

नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा सिल्वासावरून वाहत दमण येथे समुद्रास मिळते. सिल्वासाच्या वरच्या अंगास तिच्यावर मधुबन धरण असून जलाशयाचे पाणी दादरा व नगर हवेलीतील दुधनीपर्यंत पसरले आहे. या पाण्यातील प्लवक हे बहुधा नुसत्या डोळ्यांस न दिसणारे जीव होत. वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशावर वाढतात, प्राणिप्लवक त्यांना खातात आणि कटला मासा मुख्यत्वे प्राणिप्लवकांवर पोसतो. मच्छीमाराचे जाळे पडण्यापूर्वीच अशी एक काढणी पाण्यात अखंड चालू असते. ती किती व्हावी, हे गणिताने अजमावता येते.

बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ साली मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते. समजा, जलाशयात १,००० मापे प्लवक मावतात आणि जागा मोकळी असता ते आठवड्यास निम्म्याने वाढतात. गर्दी होईल तशी वाढ मंदावते. मग १०० मापांच्या साठ्यात ४५ मापांची भर पडते, ९०० मापांतही ४५ चीच, परंतु ५०० मापांत १२५ ची. मासे आठवड्यास १२० मापे खात असतील तर साठा ६०० वर स्थिर राहू शकतो. मात्र तो एकदा ४०० च्या खाली गेला की भर १२० हून कमी पडते आणि तूट आठवड्यागणिक वाढत जाते. याउलट साठ्याचा पाचवा हिस्साच खाल्ला गेला, तर ६०० वर तेवढीच १२० मापे मिळतात. शिवाय ३५० पर्यंत घसरलेला साठाही सावरतो, कारण ७० जातात व सुमारे ११४ येतात.

माशांची पोटे हिस्सा जाणत नाहीत. अडचण येथेच आहे. त्यातच पावसाळ्यात गढूळ पुराने प्रकाश अडतो, बरेच प्लवक वाहून जातात व साठ्याची मर्यादाच घटते. पाणी निवळल्यावर, पुराने आणलेल्या क्षारांमुळे, वाढ पुन्हा जोम धरते. म्हणून हिवाळ्यात पुरेसे ठरणारे खाद्य श्रावणात अपुरे पडू शकते. मत्स्यबोटुकली एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडणे व मोठे मासे वेळेवर काढणे, हे दोन उपाय माणसाच्या हाती आहेत.

हे सूत्र ढोबळ आहे. त्यात वनस्पतिप्लवक व प्राणिप्लवक वेगळे धरलेले नाहीत. म्हणून त्यास प्रत्यक्ष मोजणीची जोड हवी. शाळेतील मुलांनाही जमेल अशी एक रीत इटलीतील सेक्की यांनी १८६५ साली वापरली. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावी व ती दिसेनाशी होते ती खोली दर आठवड्यास वहीत नोंदवावी. प्लवक दाटले की ही खोली कमी भरते. पुराच्या दिवसांत मात्र ती गाळामुळेही कमी भरते, तेव्हा त्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.