सत्तरीतल्या बाबांकडे ओळखपत्र का मागतात?

2010 च्या जुलैपासून अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एक नियम आला. दुकानातून दारू विकत घेऊन घरी न्यायची, तर वय कितीही असो, ओळखपत्र दाखवायचंच. नातवंडं कॉलेजात गेलेल्या मंडळींनाही जन्मतारीख सिद्ध करावी लागू लागली. लोक वैतागले, आणि वर्षभरातच नियम सैल झाला: चाळिशीच्या आतला वाटेल त्यालाच विचारा. त्याआधी, 2007 मध्ये, टेनेसीने घरी न्यायच्या बिअरसाठी हेच करून पाहिलं होतं. तिथेही पुढे पन्नाशी उलटलेल्या दिसणाऱ्यांना सूट मिळाली.

हे मुद्दाम सांगायचं कारण, मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहून परतलेल्या आईवडिलांच्या बोलण्यात ‘अमेरिकेचा कायदाच तसा आहे’ हे वाक्य हमखास असतं.

तसा कायदा नाही. मुळात दारूच्या बाबतीत अमेरिकेचा असा एक कायदा नाहीच. 1933 मध्ये दारूबंदी उठली तेव्हा हा विषय राज्यांकडे गेला. 21 वर्षांची अटही केंद्राने थेट लादलेली नाही. 1984 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात झालेला कायदा राज्यांना एवढंच म्हणतो, की 21 च्या आतल्यांना दारू विकत घेऊ द्याल तर महामार्गांच्या निधीला कात्री लागेल. पैशापुढे एकेक राज्य नमलं, शेवटी 1988 मध्ये वायोमिंगही. बहुतेक राज्यांत कायदा विक्रेत्याला बजावतो तो इतकंच, की 21 च्या आतल्याला विकू नका. सत्तरीच्या गृहस्थाकडे कागद मागा, असं तो सांगत नाही. युटाने मात्र 2026 पासून सरसकट तपासणीचा मार्ग धरला आहे. पण तिथे हेतू निव्वळ वयाचा नाही. ज्यांना दारू विकत घ्यायला मनाई झाली आहे अशा प्रौढांना हेरण्याचाही आहे.

‘मग गल्ल्यावरच्या पोरीला दिसत नाही का माझं वय?’

दिसतं. पण वय ओळखायची जबाबदारी तिच्यावर टाकायचीच नाही, असं दुकानमालकाने ठरवलेलं असतं. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथे अल्पवयीनाला दारू विकली तर दंड किंवा समाजसेवेची शिक्षा विकणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वतःला होऊ शकते. दुकानाचाही 36 महिन्यांत तिसरा गुन्हा झाला, तर परवाना जाऊ शकतो. वर सरकारी यंत्रणाच विशीच्या आतली मुलं गिऱ्हाईक म्हणून पाठवून दुकानं तपासते. ही पद्धत कायदेशीर असल्याचा निर्वाळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये दिला आहे. उलट ओळखपत्र मागितलं, पाहिलं आणि त्यावर विसंबून विक्री केली, तर तो विक्रेत्याचा कायदेशीर बचाव ठरतो. एवढं सगळं डोक्यावर असताना ‘तिशीचा वाटला की पस्तिशीचा’ हा अंदाज तासाच्या पगारावर काम करणाऱ्या मुलांवर कोण सोडेल? म्हणून काही साखळी दुकानं सगळ्यांनाच विचारा असा नियम करतात. कित्येक ठिकाणी बाटली स्कॅन झाली की जन्मतारीख टाकल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही.

तेव्हा तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही; नियम तिचा नाही. तरी सरसकट तपासणी हा मला मालकांचा आळस वाटतो. वॉकर घेऊन आलेल्या आजींची जन्मतारीख टिपून अल्पवयीनांच्या हाती जाणारी एकही बाटली अडत नाही.

ब्रिटनने यातून बरा मार्ग काढला आहे. तिथे वयाची अट 18 ची, पण दुकानं पंचविशीच्या आतल्या दिसणाऱ्यालाच विचारतात. स्कॉटलंडमध्ये 2011 पासून हे बंधनकारकच आहे. मधली सात वर्षं अंदाज चुकण्यासाठी राखून ठेवलेली. लंडनमधल्या साठीच्या मराठी माणसाला त्यामुळे सहसा कोणी हटकत नाही.

‘आधार कार्ड आहे की! त्यावर फोटो आहे, जन्मतारीख आहे.’ आहे, पण ओहायोतल्या दुकानदाराला ते खरं की खोटं, हे ओळखायचा मार्ग नाही. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्सचंही बहुतेकदा तेच होतं. भरवशाचा कागद म्हणजे पासपोर्ट, तोही मूळ आणि मुदतीतला. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दुकानदार नाकारू शकतो. आईवडील मात्र तो हरवेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद ठेवतात आणि बाहेर पडताना झेरॉक्स घेतात. सोबतच्या मुलाने पैसे द्यावेत, तर काही दुकानं बरोबर आलेल्या सगळ्यांची ओळखपत्रं मागतात. हाही बहुतेक ठिकाणी दुकानाचा नियम, राज्याचा नव्हे.

आणि सर्वांत मजेशीर गैरसमज: ‘आपल्याकडे असली कटकट नाही.’ गोव्यात वयाची अट 18 ची आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25. शिवाय महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, आणि त्याखाली दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी 5 रुपये, वर्षाचा 100, आजीवन 1000. यात वरच्या वयाची सूट नाही, पंच्याहत्तरीच्या आजोबांनाही नाही. अमेरिकेतली ती मुलगी मागते तो कागद बहुतेक राज्यांत कायदा मागत नाही. पुण्यातला दुकानदार जो मागत नाही, तो मात्र कायद्याला हवा असतो.