'ड्राय अप' : अर्थच्छटा आणि उपयोजन

प्रस्तावना : इंग्रजीतील 'ड्राय' या क्रियापदास 'अप' हे अव्यय जोडले असता केवळ ओलावा जाणे एवढाच अर्थ राहत नाही; साठा वा ओघ संपुष्टात येणे, असा अर्थ त्यास प्राप्त होतो. धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस ही स्थिती अनुभवाने ठाऊक आहे. मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ पासून शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा प्रसंगी 'ड्राय अप' हाच प्रयोग समर्पक ठरतो.

विवेचन : मराठीत कपडे वाळतात, फूल सुकते आणि विहीर आटते. विहीर, नदी, गाईचे दूध तसेच संस्थेस मिळणारा निधी यांचे आटणे 'ड्राय अप'ने व्यक्त होते. रंगमंचावर संवाद न आठवून नट थांबला, तरी हाच प्रयोग होतो. कपड्यांसाठी मात्र नुसते 'ड्राय' पुरेसे आहे. भिजलेली जमीन पूर्ण वाळण्यास 'ड्राय आउट', तर पोहून आल्यावर अंग कोरडे करण्यास 'ड्राय ऑफ' म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीत धुतलेली भांडी पुसणे हाही 'ड्राय अप'चा अर्थ आहे. बासुंदीसाठी दूध आटवणे मात्र यात बसत नाही. तेथे 'बॉईल डाउन' योजावे.

निष्कर्ष : 'ड्राय अप'ला सर्वांत जवळचे मराठी क्रियापद 'आटणे' हे होय. अध्यापकाने व्याकरणाचा नियम सांगण्यापूर्वी 'आटले की वाळले?' एवढे विचारल्यास विद्यार्थ्यास अव्ययाची निवड सुकर होते.