दोन हात उंचीवरून मदतीची हाक

समुद्री कयाकमध्ये बसलेल्या माणसाच्या जाकिटावर अडकवलेला वायरलेस पाण्यापासून जेमतेम दोन हात उंच असतो. संकटात त्याचा उपयोग किती, हे बव्हंशी या उंचीवरच ठरते. हा सागरी व्हीएचएफ संच १५६ ते १६२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो. या लहरी जवळजवळ सरळ जातात; पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालत नाहीत. एरियलची उंची मीटरमध्ये मोजून तिच्या वर्गमूळाला ४.१ ने गुणले, की त्या एरियलचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. कयाकवर ते साडेतीन-पावणेचार किलोमीटर भरते. दोन कयाक एकमेकींशी फार तर सात-साडेसात किलोमीटरवरून बोलू शकतात. सहा मीटर उंच एरियल असलेल्या मच्छीमार बोटीला कयाकचा आवाज चौदाएक किलोमीटरवरून ऐकू येईल, म्हणजे बार्शीटाकळी ते अकोला एवढेही अंतर नाही. किनाऱ्यावरच्या शंभर मीटर डोंगरावर एरियल असेल, तर मात्र पल्ला ४५ किलोमीटरच्या आसपास जातो. हे सगळे कागदावरचे आकडे. कयाक दोन लाटांच्या मधल्या खळग्यात उतरली की तेही घटतात. संचावर १ आणि ५ वॅट अशी निवड असते. पाच वॅटने आवाज स्वच्छ पोचतो, पण क्षितिज काही पुढे सरकत नाही.

वऱ्हाडातून कोकणात सुटीला गेलेल्यांची कयाकशी गाठ पडते ती बहुधा तारकर्ली-देवबागला, कर्ली नदीच्या संथ पाण्यात. तिथे, महानच्या काटेपूर्णा जलाशयासारखाच, काठ डोळ्यांसमोर असतो आणि गळ्यातली शिटी पुरते. नदीचे मुख ओलांडले की हिशेब बदलतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. त्यात ओहोटी, आणि तीही अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची असली, तर वल्हे न मारताच कयाक बाहेर ओढली जाते; जाताना ते सोपे वाटते, फसगत कळते ती परत फिरताना. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी पश्चिम किनाऱ्याचे सुमारे तीन हजार किलोमीटर एकट्याने वल्हवत पार केले. तेवढी तयारी हौशी माणसाची नसते.

मोबाइल इथे दुय्यम. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, किनाऱ्यापासून दूर सिग्नल सुटतो, आणि लागलाच तर फोन एकालाच लागतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असावा, पण वायरलेसवरची हाक आसपासच्या सगळ्या बोटी एकदम ऐकतात. त्यासाठी १६ क्रमांकाची वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्‌झ, जगभर राखून ठेवलेली आहे. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’ तीनदा म्हणायचे. मदत हवी, पण प्राणांशी गाठ नसेल तर ‘पॅन-पॅन’. मग नाव, जागा, काय झाले आणि माणसे किती, याच क्रमाने. ‘मेडे, मेडे, मेडे. लाल कयाक, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला दीड सागरी मैल. उलटली आहे. दोन माणसे पाण्यात, जाकिटे अंगावर.’ जागा लवकर सांगायची ती मुद्दाम: पुढे बॅटरी संपली तरी शोध कुठून सुरू करायचा ते समजलेले असते. बोलताना बटण दाबायचे आणि बोलून झाल्यावर सोडायचे. घाबरलेला माणूस ते दाबूनच धरतो, आणि येणारे उत्तर त्याला ऐकू येत नाही.

काही संचांत झाकणाखाली लाल बटण असते. ते काही सेकंद दाबून धरले की संच ७० क्रमांकाच्या वाहिनीवर आपला नऊ आकडी ओळख क्रमांक आणि जीपीएसने काढलेली जागा आपोआप पाठवतो. आवाज फुटत नसेल तेव्हा हे मोलाचे. पल्ला मात्र तोच, क्षितिजापर्यंतचा.

क्षितिजापलीकडे हाक न्यायची तर ती वरून न्यावी लागते. ते काम बीकनचे. माणसाने अंगावर बाळगायचा तो पीएलबी, बोटीवर बसवायचा तो ईपर्ब. दोन्ही ४०६ मेगाहर्ट्‌झवर सुमारे पन्नास सेकंदांनी एकदा, अर्ध्या सेकंदाचा संदेश उपग्रहांकडे सोडतात. पीएलबी किमान २४ तास चालतो, ईपर्ब ४८. शोधपथक जवळ आले की १२१.५ मेगाहर्ट्‌झच्या सिग्नलचा माग काढत नेमके पोचते. ही कोस्पास-सारसॅट व्यवस्था अमेरिका, सोव्हिएत संघ, फ्रान्स आणि कॅनडा यांनी शीतयुद्धाच्या काळात एकत्र येऊन उभी केली, हे आज खरे वाटत नाही. भारतात तिचे संदेश इस्रोच्या बंगळूरू येथील केंद्रात उतरतात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातात.

बीकनचे मोल २०१८ च्या सप्टेंबरात दिसले. नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. व्हीएचएफच्या टप्प्यात कोणी नव्हते. उपग्रहामार्फत गेलेल्या हाकेवर विमानांनी होडी शोधली आणि तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

बीकन बोलत नाही, कोण येते आहे हेही बहुतेकदा कळत नाही. ही उणीव ओळखून इस्रोने मच्छीमारांसाठीच्या संकटसूचक यंत्राची दुसरी आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आणली. तिच्यात हाक पोचल्याचे उत्तर बोटीवर येते. परदेशातून स्वस्तात मिळते म्हणून कुठलेही उपग्रह-यंत्र आणणे मात्र महागात पडते. सॅटेलाइट फोन आणि संदेशयंत्रे परवानगीविना बाळगण्यास भारतात मनाई आहे. २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशा यंत्रांपायी अडवले गेले. सागरी वायरलेसलाही परवाना लागतो.

वायरलेस आणि बीकन, दोन्ही यंत्रे अंगावर हवीत, कयाकच्या कप्प्यात नव्हे. उलटलेली कयाक वाऱ्याबरोबर पोहणाऱ्यापेक्षा भरभर निघून जाते आणि कप्प्यातला बीकन तिच्याबरोबर जातो. वायरलेस दोरीने जाकिटाला बांधावा. तरंगणारा संचही हातभर दूर गेला की लाटेत दिसत नाही. परतल्यावर तो गोड्या पाण्याने धुऊन, चार्जिंगचे टोक कोरडे करून ठेवावा. खाऱ्या पाण्याने तिथेच हिरवट गंज धरतो. बीकनची बॅटरी घरी चार्ज होत नाही, तिच्यावर मुदत छापलेली असते. बीकनची नोंदणीही करावी लागते, म्हणजे संदेश येताच घरच्यांना विचारून तो खरा की खोटा हे ठरवता येते. चुकून चालू झाला तर गुपचूप बंद न करता लगेच कळवायचे असते. टाकून देतानाही बॅटरी काढून नोंदणी रद्द करावी लागते, नाहीतर भंगाराच्या ढिगात तो एखाद्या धक्क्याने जागा होतो आणि बचावपथक समुद्र सोडून भंगारवाल्याच्या दारात पोचते.