गोळी असो वा काढा, मात्रा सांभाळा!



गळीत हंगाम सुरू झाला की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांचा दिवस फडातच जातो. तेथे दोन गोष्टी हटकून कानावर येतात. तोडणीचा गडी म्हणतो, "एक गोळी टाकली की दिवसभर कोयता चालतो." आणि बांधावर बसलेले वडीलधारे म्हणतात, "साहेब, झाडपाल्याचं औषध हाय, त्यानं काय अपाय हुतोय?" या दोन्ही बोलण्यांचा जरा नीट विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही डॉक्टर नव्हे. पण औषधाचा गुण आणि अवगुण एकाच बाटलीत असतो, हे आपण शेतीत रोज पाहतो. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणाला मारते आणि उसाला सोसते. वारा फिरला की तेच औषध शेजारच्या द्राक्षबागेची पाने वाकडी करते. माणसाच्या औषधाचेही तसेच आहे.

अंगदुखीच्या गोळ्या

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या दुखणे व सूज कमी करतात. दुखणे वाढविणारी जी द्रव्ये शरीरात तयार होतात, त्यांना त्या रोखतात. पण तीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे रक्षण करतात आणि अंगातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. म्हणून उपाशीपोटी गोळी घेतली तर पोटात जखम होऊ शकते. काळी शौचास झाली तर आतून रक्त जात आहे असे समजून लगेच दवाखाना गाठावा. आणि भर उन्हात, पाणी न पिता रोज गोळी खाऊन तोडणी केली, तर भार मूत्रपिंडावर पडतो. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी, वयस्करांनी आणि गरोदर भगिनींनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

आपल्या आकाशातली गिधाडे कशाने गेली, हे पुष्कळांना माहीत नसेल. डायक्लोफेनॅक टोचलेली जनावरे मेल्यावर ती गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. बैलाला वा म्हशीला हे इंजेक्शन कोणी देत असेल तर घेऊ नका. मेलोक्झिकॅमसारखे दुसरे औषध आहे, ते पशुवैद्यकांना विचारावे.

तापाची गोळी

पॅरासिटामॉल ही त्या मानाने सौम्य गोळी. परंतु धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही अगदी शेवटची हद्द आहे. दोन गोळ्यांत चार ते सहा तासांचे अंतर हवे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. जादा झाली तर यकृताला इजा होते आणि पहिला दिवस काही कळतही नाही. दारू पिणाऱ्यास धोका अधिक. डेंग्यूचा संशय असेल तर ॲस्पिरीन, आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून बंदी आहे.

झाडपाल्याचे काय?

झाडपाला काम करतो, यात शंका नाही. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. खोकल्याच्या औषधातले ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या द्रव्यावरूनच बनविले गेले. पण ज्याला गुण आहे, त्याला अवगुणही आहे. सर्पगंधेने काही रोग्यांचे मन फार खचते असे पुढे दिसून आले. अडुळसा गरोदरपणी टाळावा. ज्येष्ठमध घसा बरा करतो, पण रोज भरपूर खाल्ला तर रक्तदाब वाढतो आणि अंगातले पोटॅशियम घटते.

गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. करोनाच्या साथीत घरोघर काढे झाले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. ओळखण्यात चूक होऊन तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे. वाद काहीही असो, वेल ओळखता येत नसेल तर काढा करू नये आणि कावीळ दिसली तर तो तात्काळ बंद करावा, एवढा बोध आपण घ्यावा.

बाजारची पुडी

आमच्या गटातील एक वयस्कर मामा आठवडी बाजारातून गुडघेदुखीची पुडी आणीत. चार दिवसांत चालू लागले, भूकही वाढली, म्हणून पाच-सहा महिने घेतली. पुढे तोंड सुजले, रक्तातली साखर वाढली. घाबरून त्यांनी पुडी एकाएकी बंद केली, तर चक्कर येऊन पडलेच. घरच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून मामा वाचले. पुडीत स्टिरॉइड असावे, असे तेथील डॉक्टर म्हणाले. स्टिरॉइड दीर्घकाळ घेतले की शरीर आपले स्वतःचे द्रव्य बनविणे कमी करते, त्यामुळे ते अचानक तोडता येत नाही. चार दिवसांत जादू करणारी, नाव-गाव नसलेली पुडी घेऊ नये. घेत असाल तर पुडीसकट डॉक्टरांकडे जावे.

सभासदांना विनंती

१) दवाखान्यात जाताना घरात चालू असलेल्या गोळ्या, काढे, भस्मे सर्व दाखवावीत. लपवू नये.
२) किराणा दुकानातून सुटी गोळी घेऊ नये; पाकिटावरील नाव व मुदत पाहावी.
३) अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नये.
४) आपल्या फडात येणाऱ्या टोळीसाठी सावली व पिण्याच्या पाण्याची सोय ठेवावी. मुकादमालाही हा लेख वाचून दाखवावा.

शेवटी आपल्या घरच्याच औषधाविषयी. जुलाब होत असतील तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. साखरेमुळे आतड्यात मीठ व पाणी शोषले जाते. इथेही प्रमाण तेच ठेवावे. मीठ जादा झाले तर लहान लेकराला ते बाधते. जुलाब थांबत नसतील, मूल मलूल पडले असेल, तर घरी वाट पाहू नये.