उन्हाळ्यात घरचा आंबट पाव : घड्याळ नको, पीठ पाहा

इडलीचे पीठ आंबवणे, दुधाला विरजण लावणे हे आपल्या घरांना नवे नाही. पावही तसाच आंबवता येतो. विकतचे यीस्ट न घालता, पिठात मुळातच असलेले यीस्ट व आम्ल तयार करणारे जंतू वाढवून केलेल्या पावाला सावरडो म्हणतात. गोव्यात माडाची सूर घालून पाव आंबवीत, ती पद्धतही याच जातीची. मधुमेहाचे रुग्ण अलीकडे या पावाविषयी मला वारंवार विचारतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथम विरजण. काचेच्या स्वच्छ बरणीत ५० ग्रॅम कणीक व ५० मि.ली. पाणी कालवून सैल झाकण ठेवावे. दुसऱ्या दिवसापासून त्यातील एक मोठा चमचा ठेवून बाकीचे टाकावे आणि पुन्हा तेवढीच कणीक व पाणी घालावे. कडक उन्हात हे दिवसातून दोनदा करावे लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे बुडबुडे भलत्याच जंतूंचे असतात. त्यांना भुलू नये. साधारण आठवड्याने, कणीक घातल्यावर विरजण दर वेळी दुप्पट फुगू लागले व त्याला ताकासारखा आंबूस वास आला, की ते तयार झाले. वर करडे पाणी साचले तर विरजण भुकेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र बुरशी किंवा गुलाबी, नारिंगी छटा दिसल्यास वरचे काढून उरलेले वापरू नये, सगळेच फेकावे.

पावासाठी ५०० ग्रॅम पीठ (निम्मा मैदा, निम्मी कणीक), सुमारे ३२५ मि.ली. पाणी, १० ग्रॅम मीठ व ५० ग्रॅम विरजण पुरते. थंड प्रदेशातील कृतीत पीठ दहा-बारा तास ठेवावयास सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या घरात असतो. यीस्टला २५ ते २८ अंश मानवतात, तर आम्ल करणाऱ्या जंतूंना त्याहून थोडी अधिक उष्णता आवडते. त्यामुळे उन्हाळ्यात पीठ फुगण्याआधीच आंबट होते, सैल पडते आणि पाव चपटा होतो. यावर उपाय सोपे आहेत. पाणी फ्रीजमधले घ्यावे, पीठ संध्याकाळी मळावे, भांड्याभोवती ओले फडके गुंडाळावे. तासातासाने पाहावे, पीठ दीडपट झाले की आकार देऊन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. बुडाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. पूर्ण निवल्यावरच कापावा.

आता आरोग्याचे. आंबवल्याने पिठातील फायटिक आम्ल कमी होते व लोह, जस्त अंगी लागण्यास मदत होते. साध्या पावापेक्षा या पावाने रक्तातील साखर काहीशी सावकाश वाढते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पण म्हणून तो औषध नव्हे. शेवटी तो गव्हाचाच पदार्थ. मधुमेही व्यक्तीने दोन चकत्या खाल्ल्या तर तेवढी पोळी कमी करावी आणि गोळ्या परस्पर बंद करू नयेत. वरील पावाच्या दहा चकत्या केल्या तर प्रत्येकीत एक ग्रॅम मीठ येते. दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ असावे, हे रक्तदाब असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना सीलिअॅक रोग आहे, म्हणजे गव्हातील ग्लुटेनने ज्यांच्या आतड्याला इजा होते, त्यांनी हा पाव मुळीच खाऊ नये. आंबवल्याने ग्लुटेन पूर्णपणे नाहीसे होत नाही. पोटात दुखले नाही तरी आतड्याची हानी चालूच राहते. विशेषतः अशा मुलांना ‘आंबवलेला आहे, चालेल’ म्हणून एक घासही देऊ नये.