दातांच्या आधी नाक

बॅसेट हाउंडचं पिल्लू एखादी वस्तू चावायला घेतं, त्याच्या आधी बरंच काही घडतं. लॅब्रेडॉरचं पिल्लू धावत येतं, वस्तू तोंडात घालतं आणि पळतं. आमचा तांबू आधी थांबतो. मान खाली जाते, दोन्ही कान फरशीवर लोळतात, कपाळावरची सैल कातडी घसरून डोळ्यांवर येते आणि नाकपुड्यांची फुसफुस सुरू होते. कोल्हापुरी चप्पल असेल तर टाचेपासून सुरुवात करून तो हुंगत हुंगत पुढे सरकतो आणि अंगठ्यापाशी येऊन रेंगाळतो. घाम तिथेच सगळ्यात जास्त मुरलेला असतो. मग जीभ लावून बघतो. शेपटी हलायला लागते. आणि त्यानंतर कुठे मान वाकडी करून तो चपलेचा अंगठा बाजूच्या दातांत धरतो.

एवढं सगळं व्हायला अर्धं-पाऊण मिनिट जातं. बॅसेटच्या पिल्लाबरोबर राहणाऱ्या माणसाचं खरं काम याच अर्ध्या मिनिटात असतं, असं माझं ठाम मत झालं आहे. चप्पल फाटल्यावर आपण जो आरडाओरडा करतो त्यातून पिल्लू काहीही शिकत नाही. नाक खाली गेलं की उठायचं, एवढं जमलं तर पुढचं पुष्कळसं टळतं.

चपलांच्या स्टँडच्या खालच्या कप्प्यात रेक्झिनचे सँडल असतात, मुलीचे शाळेचे बूट असतात, प्लॅस्टिकच्या स्लिपर असतात. त्यातून तांबू निवडतो कोल्हापुरीच. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. कातड्याचा वास त्यात बराचसा शाबूत राहतो आणि वर आपल्या पायांचा वास चढतो. केरसुणीचंही तेच. प्लॅस्टिकच्या झाडूकडे तो ढुंकूनही बघत नाही. "ताई, लक्ष्मीपूजनाला पुजलेली केरसुणी ह्यानं अर्धी केली बघा," असं सांगत मावशी एका सकाळी आतून आल्या, तेव्हा मला नवल वाटलं नाही. त्या केरसुणीनं रोज ओट्याखालचं सगळं झाडलेलं होतं: सांडलेलं पीठ, मासळीच्या पाण्याचे थेंब, शेंगदाण्याची फोलपटं. टीव्हीच्या रिमोटला हातांचा वास, उशीच्या अभ्र्याला तेलाचा. आमच्या घरातल्या कुरतडलेल्या वस्तू ओळीनं मांडल्या तर कोण कुठे हात पुसतं हे कुणालाही कळेल.

हे नाक आपोआप आलेलं नाही. झाक द्यु फुइयू या फ्रेंच लेखकाच्या १५६१ सालच्या शिकारीवरच्या ग्रंथात बॅसेट कुत्र्यांचा उल्लेख आहे. तेव्हा त्यांना बिळातल्या बॅजरच्या मागावर सोडत. पुढे सशाच्या शिकारीसाठी त्यांची ख्याती झाली. घोडा न बाळगणाऱ्या शिकाऱ्याला आपल्या चालीनं जाणारा, पण माग न सोडणारा कुत्रा हवा होता. १८७४ साली एव्हरेट मिले यांनी फ्रान्सहून 'मॉडेल' नावाचा बॅसेट इंग्लंडमध्ये आणला. चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांचे हे चिरंजीव. १८९०च्या दशकात त्यांनी या जातीत ब्लडहाउंडचं रक्तही मिसळलं. आज वास काढण्यात बॅसेटचा क्रमांक ब्लडहाउंडच्या खालोखाल लावतात. आखूड पायांचं कोडं बरंच नंतर सुटलं. एफजीएफ४ या जनुकाची जास्तीची एक प्रत त्यामागे आहे, हे २००९ साली संशोधकांनी दाखवून दिलं.

माग काढताना कुत्रा पुढे आणि माणूस त्याच्या मागे, अशी ही शिकार. दर चार पावलांवर मान वर करून मालकाच्या तोंडाकडे बघणारा कुत्रा तिथे कुचकामी. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले ते नाक खाली घातल्यावर जग विसरणारे कुत्रे. "अरे, नावानं हाका मारतेय मी, निदान बघ तरी!" म्हणून सासूबाई वैतागतात, तेव्हा मला तांबूचीच बाजू घ्यावीशी वाटते. तो हट्टीपणा करत नसतो. त्या क्षणी तो कामावर असतो आणि हाक त्याच्या कामात बसत नाही.

वास मात्र बसतो. म्हणून मी हाक मारत नाही. उकडलेल्या चिकनचा तुकडा मुठीत धरते, त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसते आणि मूठ त्याच्या नाकाखाली नेते. आधी चावणं मंदावतं. मग जबडा नुसता मिटून राहतो, नाकपुड्या मुठीकडे वळतात. दोन वासांची तुलना चाललेली अगदी स्पष्ट दिसते. मग जबडा सैल होतो. नेमक्या त्या क्षणी मी "सोड" म्हणते, आधी नाही. तोंड उघडल्यावर शब्द आला की त्या शब्दाला त्या कृतीचा अर्थ चिकटतो. तुकडा दिला की वस्तू उचलायची, आणि ती त्याच्याच खेळण्यांपैकी असेल तर लगेच परत द्यायची. वस्तू दिली म्हणजे गमावली असं नाही, हा विश्वास त्याच्यात रुजवणं फार मोलाचं आहे. ओढून घेतलेल्या वस्तूबद्दल पिल्लू दोनच गोष्टी शिकतं: सोफ्याखाली जाऊन गुरगुरायचं, नाहीतर पटकन गिळून टाकायचं.

आणि भीती खरी ती गिळण्याचीच. चप्पल गेली तर नवी आणता येते. पायमोजा गिळला तर तो आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनची वेळ येते. लहान मुलांचे मोजे, केसांचे रबर, भाजलेल्या मक्याचं दाणे खाऊन उरलेलं कणीस, शिजवलेल्या मटणाचं हाड, या वस्तू आमच्या घरात आता खाली राहतच नाहीत. वारंवार उलट्या, जेवणावर वासना नाही, पोट दुखत असल्यासारखं पाठ वाकवून उभं राहणं, असं काही दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, डॉक्टरकडे निघायचं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढायचाही नाही. आत गुंतलेला दोरा आतडं कापतो. शिवाय विषारी पदार्थ आहेतच. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम तर ठाऊक असतं बहुतेकांना. पण मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं. सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटी प्रेमानं खाली ठेवली जाते. पूजेच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना मी हे दारातच सांगते. वाईट वाटलं तरी चालेल.

दात येण्याचा काळ वेगळाच होता. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, मोठेपणी ४२. चौथ्या महिन्याच्या सुमारास पुढचे पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत मागच्या दाढा आलेल्या असतात. त्या दिवसांत टॉवेलवर गुलाबी डाग दिसायचे. एकदा फरशी पुसताना मावशींना तांदळाएवढा दात सापडला. मुलीनं तो काडेपेटीत जपून ठेवलाय. तांबूच्या हिरड्या लाल झालेल्या, काही चावावं तर दुखतं आणि न चावावं तर सळसळतं. ओला पंचा पिळून, त्याची जाड गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि आपल्यासमोर त्याला द्यायची, हा उपाय लागू पडला. गार गाजरही. तो पुढचे दोन पंजे पसरतो, आणि बॅसेटचे पंजे त्याच्या मापाच्या मानानं फारच मोठे असतात. त्यांच्या बेचक्यात गाठ धरतो, डोकं कलतं करतो, एक डोळा मिटतो आणि मागच्या दातांनी संथपणे दाबत राहतो. ओठांच्या लोंबत्या कडांवरून लाळेच्या तारा सुटतात. मध्येच कानाचं टोक गाठीबरोबर दातांखाली येतं, तो कळवळून थांबतो, आणि पुन्हा सुरू. अशा वेळी कान बाजूला धरून मी त्याच्याजवळ बसते. नंतर ते ओले कान कोरडे पुसावेच लागतात. लोंबत्या, बंद कानात ओल राहिली की बुरशीचा संसर्ग लवकर होतो, पावसाळ्यात तर फारच.

चावायला काय द्यावं याबद्दल दुकानात सांगतात त्यातलं निम्मं मला पटत नाही. नेपाळकडची याकच्या दुधाची छुर्पी हल्ली सगळीकडे मिळते. वास उत्तम, टिकतेही खूप. पण ती दगडासारखी कडक असेल तर वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडू शकतो. अंगठ्याचं नख दाबून बघायचं. नख जरासुद्धा रुतलं नाही तर ती वस्तू पिल्लासाठी नाही. रबरी पोकळ खेळणं सगळ्यात चांगलं. 'काँग' या प्रसिद्ध खेळण्याचा जन्मच एका चावऱ्या कुत्र्यामुळे झाला. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत होता. १९७०च्या दशकात फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना त्यांनी बाजूला टाकलेला सस्पेन्शनचा रबरी भाग फ्रिट्झनं उचलला आणि दगड सोडले. आमच्याकडे तशा खेळण्यात मीठ-फोडणी न घातलेला दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून गोठवतो. तेवढं त्याच्या जेवणातून कमी करायचं हे मात्र कटाक्षानं. लांब पाठीच्या या जातीत मणक्यांमधल्या चकत्यांचा आजार आढळतो आणि वजन वाढलं की पाठीवरचा ताण वाढतो. कडू स्प्रेवर माझा भरवसा नाही. तांबू तो चाटून, तोंड वेडंवाकडं करून पुन्हा टेबलाच्या पायाकडे वळतो.

सगळ्यात जास्त चावाचावी होते ती संध्याकाळी, झोप अपुरी झाल्यावर. लहान पिल्लू दिवसातले अठरा तास सहज झोपतं. त्याला झोपू द्यायला हवं, ही गोष्ट पाहुण्यांनी भरलेल्या घरात कुणाच्या लक्षात येत नाही. फिरायला नेल्यावर मी त्याला ओढत नाही. एका गुलमोहराच्या बुंध्याशी तो पाच मिनिटं उभा राहिला तर मीही उभी राहते. नाक दमलेलं पिल्लू घरी येऊन पाणी पितं आणि आडवं होतं.

आता तो नऊ महिन्यांचा आहे. दात सगळे आलेत, पण चावायची हौस वर्ष-दीड वर्षापर्यंत टिकते, शिवाय जबड्यात आता भलतीच ताकद आली आहे. खांद्यापाशी मोजली तर बॅसेटची उंची मोठेपणीही ३५-३८ सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे वरच्या वस्तू सुरक्षित आहेत असं वाटतं, पण हा हिशोब लबाड आहे. अंग लांब आहे. खुर्चीवर पुढचे पाय टेकून तो उभा राहिला की नाक थेट जेवणाच्या टेबलावर येतं. सध्या टेबलावर हापूस आहे, आणि आंब्याची कोय ही कुत्र्याचं आतडं बंद करायला अगदी नेमक्या आकाराची वस्तू आहे. सासूबाईंनी स्वतःहून नियम केला आहे. जेवण झालं की ज्यानं त्यानं आपली कोय दाखवायची, मुलगी मोजते, मोजून झाल्यावर कोयी झाकणाच्या डब्यात जातात आणि डबा गॅलरीत जाऊन दार बंद होतं. एक जरी कोय कमी भरली तरी कुणी हात धुवायला उठत नाही, सगळे आधी टेबलाखाली वाकतात.